उपाशीपोटी व्याख्यान

१२ जानेवारी २०२५, रविवार

ही डायरी प्रितीने, म्हणजे माझ्या लेकीने आणून दिली. म्हणाली, "बाबा, रिटायर झाल्यापासून तुम्ही आईच्या स्वयंपाकात नाक खुपसताय. त्यापेक्षा लिहा काहीतरी." काल मी बकुळाला फक्त एवढंच सांगितलं होतं की कुकरची शिटी नुसती विसळून भागत नाही, आत बारीक ब्रश फिरवायला हवा आणि मग कोरड्या हवेचा झोत. त्यावरून एवढं रामायण.

तर लिहितो. नाव राजाराम घाडी, राहणार घोडपदेव, गाव कणकवलीजवळ. परळच्या आमच्या हॉस्पिटलात एंडोस्कोपीच्या खोलीत अडतीस वर्षं काढली. तोंडातून दुर्बिणीची नळी सोडून पोट आतून बघायचं, ते काम. बघायचे डॉक्टर. मी पेशंटच्या डोक्याशी उभा. नळी धुणे, तपासणे, टांगणे आणि पेशंटचं डोकं धरणे, एवढंच माझं. ऑक्टोबरात रिटायर झालो.

मजेत आहे. पहाटे साडेपाचला जाग येते ती सवयीने. आठ वाजता परळला हॉस्पिटलच्या गेटासमोर चहा पितो, कारण तिथला चहा चांगला. बकुळा विचारते, घोडपदेवात चहा मिळत नाही काय? मिळतो, पण परळचा चांगला.

१५ जानेवारी, बुधवार

आज गेटासमोर चहा पिताना डॉ. अनुजा तांबे गाडीतून उतरल्या आणि मला हाताला धरून वर घेऊन गेल्या. या आता आमच्या विभागाच्या प्रमुख. नायगावच्या, तळपदे सरांच्या हाताखाली शिकलेल्या. पहिल्यांदा नळी हातात घेतली तेव्हा त्यांचा घाम मीच पुसला होता. आता मोठ्या झाल्या, मी त्यांना बाई म्हणतो.

वर सरांच्या पत्नी सीमाताई बसल्या होत्या. सर जाऊन आठ महिने झाले. डॉ. हितेंद्र तळपदे. आमच्या हॉस्पिटलात पहिली नळी त्यांनी आणली, गिरण्यांच्या संपानंतर, जेव्हा लालबाग-परळात घरटी एकाचं पोट जळत होतं. अर्ध्या गिरणगावाचं पोट सरांनी आतून बघितलंय. आता सीमाताईंनी आणि सरांच्या विद्यार्थ्यांनी मिळून निधी ठेवलाय. त्याच्या व्याजातून दरवर्षी सरांच्या नावाने एक व्याख्यान. पहिलं सोळा फेब्रुवारीला, रविवारी सकाळी साडेनऊला, आमच्याच दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. बोलणार अनुजाबाई.

मी म्हटलं, छान. पण सीमाताईंचा चेहरा छान नव्हता. म्हणाल्या, "घाडी, मागच्या महिन्यात मी अशाच एका स्मृतिव्याख्यानाला गेले होते. फोटोला एवढा मोठा हार आणि समोर अकरा माणसं. त्यातले दोन माइकवाले. हितेंद्रचं नाव रिकाम्या खुर्च्यांपुढे घेतलेलं मला नाही सोसणार. यंदा हॉल भरला नाही, तर पुढल्या वर्षी व्याख्यान नाही. पैसे दुसऱ्या कुठल्या तरी कामाला देऊन टाकू."

हॉस्पिटलचे व्यवस्थापक राकेशसाहेब शेजारीच होते. ते म्हणाले, "मॅडम, संडे मॉर्निंग आहे. साठ डॉक्टर आले तरी खूप झालं."

हॉल दोनशे खुर्च्यांचा. माझ्या तोंडून निघून गेलं, "उरलेला हॉल मी भरतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीही घरी येईपर्यंत स्वतःकडे बघतच होतो. कुठून भरणार?

२१ जानेवारी, मंगळवार

सापडलं. पेशंट! सरांचे जुने पेशंट माझ्या घरी अजून येतात-जातात. कोणी आंबे आणतं, कोणी सुकट. माझ्याकडे त्यांचे पत्ते आहेत, नंबर आहेत. सरांसाठी ते नाही येणार तर कोण येणार?

छापील निमंत्रण बघितलं. गुळगुळीत कागद, सगळं इंग्रजीत, सोनेरी अक्षरं. कॉटन ग्रीनच्या गोदामात कापसाच्या गाठी उचलणाऱ्या मनूला हे दिलं तर तो लग्नपत्रिका समजून आहेर घेऊन येईल. मी ठरवलं, आपलं वेगळं कार्ड, मराठीत, माझ्या अक्षरात. प्रिती म्हणाली, "द्या, मी फोनवर टाइप करते, निदान एकदा वाचून तरी देते." मी म्हटलं, तुझ्या जन्माच्या आधीपासून लिहितोय, वाचायची गरज नाही. माझ्या अक्षराचं सरसुद्धा कौतुक करायचे.

३० जानेवारी, गुरुवार

कार्ड लिहून झालं. चार वेळा फाडलं. पहिल्यात 'स्मृतिप्रीत्यर्थ' असा शब्द घातला होता, तो मलाच वाचताना अडखळला. दुसऱ्यात सरांविषयी लिहिता लिहिता कागद संपला आणि वेळ लिहायची राहिली. मग वैतागून म्हटलं, राजाराम, जसं येतं तसं लिही. आणि खरंच, पाचव्यांदा पेन टेकवलं आणि एका दमात खालपर्यंत गेलो. हाताला वळण आहे. अडतीस वर्षं तपासणीच्या चिठ्ठ्या मीच लिहायचो, दिवसाला पंधरा-वीस: नाव, तारीख, वेळ, आदल्या रात्री दहानंतर काही खाऊ-पिऊ नये, सोबत एक माणूस आणावा, जुने रिपोर्ट आणावेत. झोपेत लिहिल्या असत्या. हात चालायचा आणि मी तोवर पुढच्या पेशंटशी बोलत असायचो. आज तसंच झालं. हात चालत होता आणि मी बकुळाशी भांडत होतो.

तिचं म्हणणं, "रिटायर झालात मा? मग ह्यो उद्योग तुमका कोणी सांगल्यान?"

मी म्हटलं, "सरांनी."

मग तिने माझ्यासाठी चहा टाकला. चिवड्याच्या डब्यावर कागद ठेवून लिहिलं तरी ओळ वाकडी गेली नाही. लगेच खाली जाऊन दीडशे झेरॉक्स काढल्या.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पाय मोडले, पण काय दिवस गेला! वरळी कोळीवाड्यात कमलकडे गेलो. नव्वद साली सरांनी तिच्या घशातून माशाचा काटा काढला होता. कोळणीच्या घशात काटा अडकला म्हणून सगळा वाडा तिला हसत होता. आता सत्तरीची आहे, टोपल्यासमोर तशीच ताठ बसते. कार्ड घेतलं, कपाळाला लावलं आणि सुनेला म्हणाली, "डाक्टरच्या नावाचा कागद हाय, देवाजवल ठेव." शेजारच्या चार घरांतही तिनेच कार्डं वाटली.

मग कॉटन ग्रीनला मनूकडे. मनू कार्ड वाचून गंभीर झाला. म्हणाला, "घाडी, अजून आमची आठवण ठेवतात होय रे हॉस्पिटलवाले?" त्याच्या डोळ्यांत पाणी. मला अभिमान वाटला, कार्डाचाच म्हणायचा. त्याला किती महिन्यांनी भेटलो! थोडा वाळलाय. विचारलं तर म्हणाला, वय झालं.

एकाच दिवसात नव्वद कार्डं संपली. कोणी नाही म्हटलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

फोनवर फोन येतायत. लोकांचा उत्साह बघून थक्क झालोय.

कमलचा फोन: "राजाराम भाव, सकालचं पानी पिलं तं चालंल का?" मी म्हटलं, सहाच्या आत दोन घोट, नंतर नको. फोन ठेवल्यावर वाटलं, हिला पाण्याचं काय पडलंय? वय झालं की माणसं कशाचीही परवानगी मागतात.

मनूचा फोन: "कवळी घालून येऊ की काढून?" मी म्हटलं, येताना घाल, आत जाताना काढून पिशवीत ठेव. हा गडी पहिल्यापासून विनोदी.

लालबागच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, सोबत मुलाला आणू की जावयाला? म्हटलं, दोघांना आण! तो म्हणाला, एकच लिहिलंय ना. किती शिस्तीची ही जुनी माणसं. आणि चार जणांनी विचारलं की जुन्या फाइली आणायच्या ना. सरांच्या हातचं अक्षर आहे त्यात, जपून ठेवलंय त्यांनी. मी म्हटलं, आणा, जरूर आणा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अनुजाबाईंनी मला समोर बसवून भाषणाची तालीम केली. पडद्यावर सत्तर चित्रं, तक्ते, बाण. सुरुवातीला सरांचा तरुणपणचा फोटो आला तेव्हा बरं वाटलं. मग बाई इंग्रजीत शिरल्या त्या बाहेरच येईनात. मध्ये माझा डोळा लागला. जाग आली तर बाई हातातला रिमोट ठेवून माझ्याकडेच बघत होत्या.

"काका, इतकं वाईट आहे?"

"तसं नाही, बाई. पण समोर कमल कोळीण बसणार आहे."

"मग काय सांगू तिला? सरांनी काय केलं ते कसं सांगायचं? तुम्ही सांगा."

मी सांगितलं. सर काय करायचे? एक गिरणी कामगार टेबलावर झोपायलाच तयार नव्हता, तेव्हा मी शेजारच्या टेबलावर स्वतः आडवा झालो, सर म्हणाले वा, मग तो झोपला. एक बाई इतकी घाबरली होती की तिचे दात नळीवर बसले असते. सरांनी मला खूण केली, मी तिला तिच्या गावच्या जत्रेचं विचारत बसलो, सरांचं काम होऊन गेलं. अशी सरांची एकेक कमाल. अर्धा तास सरांचंच कौतुक केलं. बाई लिहून घेत होत्या, पण मधूनच माझ्याकडे बघून हसत होत्या. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

उद्या. शर्ट इस्त्री करून टांगलाय. नाही आले तर? बकुळाला विचारलं. ती म्हणाली, "येतले. तुमच्या हाताखालसून गेलेली माणसा ती." ती कधी कधी बरं बोलते.

१६ फेब्रुवारी, रविवार

हे सगळं नीट लिहून ठेवायला हवं.

साडेसातला परळला पोचलो तर गेटावर रांग. खरोखरची रांग! कॉटन ग्रीन, लालबाग, कोळीवाडा, सगळे. प्रत्येकासोबत एक माणूस. मुलगे, सुना, नातवंडं. मला नाचावंसं वाटलं. दोनशे काय, अडीचशे असतील. राकेशसाहेब खिडकीतून डोळे फाडून बघत होते. मी त्यांना खालून सलाम ठोकला.

तेवढ्यात मनू पुढे आला. कवळी काढलेली, हातात फाइल. म्हणाला, "घाडी, माझा नंबर पहिला लाव. शुगर आहे, जास्त वेळ उपाशी राहवत नाही."

"उपाशी कशाला राहिलास?"

"म्हणजे? तूच लिहिलंयस ना!"

त्याने खिशातून कार्ड काढलं. माझं अक्षर. सुंदर. 'डॉ. तळपदे यांच्या नावे. रविवार दि. १६, सकाळी ९.३०. दुसरा मजला. आदल्या रात्री दहानंतर काही खाऊ-पिऊ नये. सोबत एक माणूस आणावा. जुने रिपोर्ट आणावेत.' व्याख्यान हा शब्द कुठेच नव्हता.

दीडशे घरांना मी रात्रभर उपाशी ठेवलं होतं आणि सरांच्या नावाने खोटं बोलावणं धाडलं होतं. वाटलं, गेटाबाहेर पडावं आणि थेट कणकवली गाठावी. पण हे सगळे माझ्या शब्दावर आलेले, पळणार कुठे?

वर जाऊन सीमाताईंना आणि बाईंना सांगितलं. राकेशसाहेब ओरडले, "घाडी, हे काय करून ठेवलंत! परत पाठवा सगळ्यांना!" सीमाताईंनी कार्ड मागून घेतलं, वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं. ते मला जास्त लागलं. एव्हाना रांग वर येऊन हॉल भरला होता, पण फसवून भरलेला हॉल त्यांना नकोच असणार.

मी माइकपाशी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, "मंडळी, आज तपासणी नाही. आज सरांच्या नावाचं भाषण आहे. मी कार्ड चुकीचं लिहिलं. सवयीने हात चालला, डोकं चाललं नाही. तुम्हाला उपाशी आणलं. ज्यांना जायचंय त्यांनी खुशाल जा. सरांचा यात काही दोष नाही."

एक खुर्ची करकरली. मग कमल उभी राहिली. म्हणाली, "आता आयलो तं आयलो. डाक्टरचं नाव हाय, ऐकून जाऊ. पन आदी च्या दे रं मेल्या, पोटात कावले कोकलतान!"

सगळा हॉल हसला. हसून हसून लोक खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. मी मान वर केली तर सीमाताईसुद्धा हसत होत्या, डोळे पुसत.

साठ डॉक्टरांसाठी वडे आले होते. अनुजाबाईंनी डॉक्टरांनाच ताटं धरायला लावली. मोठमोठे सर्जन कोळणींना चटणी वाढत होते. सीमाताईंनी माणूस पाठवून लालबागहून आणखी तीन पातेली उपमा मागवला. राकेशसाहेब कपाळाला हात लावून बसले होते. कमलने त्यांच्या हातात वडा दिला, तेव्हा तेही खायला लागले.

वाढायच्या आधी मात्र बाई माइकवर म्हणाल्या, "ज्यांना गिळताना अडतं, वजन उतरलंय, काळी शौचाला होते, त्यांनी खाऊ नका. हात वर करा." अकरा हात वर आले. त्यात मनूचा होता. बाईंनी एकेकाशी बोलून फाइली बघितल्या. मग राकेशसाहेबांना म्हणाल्या, "खोली उघडा. हे आलेतच उपाशी, तर मी तपासून टाकते. आणि ज्यांची हरकत नसेल त्यांचं इथे पडद्यावर दाखवते. सत्तर चित्रांपेक्षा ते बरं."

डॉक्टरांच्या वर्कशॉपसाठी खोलीतलं चित्र हॉलच्या पडद्यावर दिसायची सोय आहेच. मनू म्हणाला, "दाखवा. माझ्या पोटात लपवण्यासारखं काही नाही." सही केली. सिस्टरने शुगर बघितली, प्रेशर बघितलं.

बाई माझ्याकडे वळल्या. "काका, चला."

राकेशसाहेब म्हणाले, "मॅडम, ते रिटायर आहेत. नियमात बसत नाही."

"ते टेक्निशियन म्हणून येत नाहीयेत. आजच्या व्याख्यानाचे दुसरे वक्ते आहेत."

साहेबांना गप्प करायला बाईंनी काहीतरी ठोकून दिलं. मी मनात हसलो.

चार महिन्यांनी त्या खोलीत पाऊल टाकलं. तोच वास. मी हात धुतले आणि मनूच्या डोक्यावर ठेवले. बाईंनी आपला माइक काढून माझ्या कॉलरला अडकवला. म्हणाल्या, माझ्या गाऊनला जागा नाही, तुमच्याकडे राहू दे. ठीक आहे, मी खुंटी.

मनू घाबरला होता. डाव्या कुशीवर वळवलं, पाठीवरून हात फिरवला. विचारलं, "मनू, गोदामात पहिल्या दिवशी किती गाठी उचलल्या होत्यास रे?" म्हणाला, "चौदा." दातांत माऊथपीस दिला. "आता बोलू नको. मनात उचल. मी मोजतो. एक. नाकाने श्वास घे. दोन. आता एकदा गीळ. शाब्बास, गेली आत. लाळ येऊ दे, गिळू नको, पुसायला मी आहे. तीन. जड आहे ना? मुकादम बघतोय, घाई नाही. चार..." बाराव्या गाठीला नळी बाहेर आली. आत एक लहान अल्सर होता. बाई म्हणाल्या, औषधाने बरा होईल, पण आणखी वर्षभर दुर्लक्ष केलं असतं तर कठीण होतं. मनूने माझा हात सोडला नाही.

अकरांपैकी सहा जणांनी पडद्यावर दाखवायला होकार दिला, बाकीचे पडदा बंद करून. प्रत्येकाला काही ना काही मोजायला दिलं. एकीला पापलेटं, एकाला गिरणीतले माग.

हॉलमध्ये परत आलो तर लोक उठून टाळ्या वाजवत होते. मी मनूला पुढे केलं, टाळ्या त्याच्याच होत्या. पण सगळे बघत होते माझ्याकडे. मग कोणीतरी सांगितलं की पूर्ण वेळ हॉलमध्ये माझाच आवाज येत होता. अरे देवा! मी बाईंना म्हटलं, तुमचं भाषण राहूनच गेलं. त्या म्हणाल्या, "झालं की, काका."

सीमाताई जवळ आल्या. "इतकी वर्षं हितेंद्र रात्री जेवताना सांगायचा, आज घाडीने असं केलं, घाडीने तसं केलं. मला वाटायचं, नवऱ्याला कौतुक आहे माणसाचं, म्हणून वाढवून सांगतो. आज ऐकलं." त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मला रडू आलं, ते लिहून ठेवतो. आनंदाचं होतं. सर असते तर चष्मा पुसत बसले असते.

व्याख्यान दरवर्षी होणार. शिवाय त्याच निधीतून दुसरं एक काम सुरू करायचं त्यांनी तिथेच ठरवलं: डोक्याशी उभी राहणारी माणसं तयार करायची, बाहेरच्या हॉस्पिटलांतली सुद्धा. शिकवायला मी. मंगळवारी आठला बोलावलंय. यात शिकवण्यासारखं काय आहे हे मला अजून कळत नाही. डोकं धरायचं, बोलत राहायचं. पण जाईन.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गेटासमोर चहा न घेता सरळ वर गेलो. वेळ नव्हता.

दोन मुली आणि एक मुलगा, नवे कोरे गाऊन घालून उभे. मी प्रत्येकाला आधी टेबलावर आडवं केलं, दातांत माऊथपीस दिला आणि पाच मिनिटं तसंच ठेवलं. लाळ गळायला लागल्यावर एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, हे लक्षात ठेव, आता पुढचं आपोआप येईल. मग त्यांना हात कुठे ठेवायचा ते दाखवत होतो, तेव्हा लहान चणीची मुलगी पाठीमागून म्हणाली, "सर, एक विचारू?"

मी चटकन बाजूला सरलो, डॉक्टरांना दारातून आत यायला वाट करून दिली आणि वळून बघितलं. दारात कोणी नव्हतं. तिघंही माझ्याकडेच बघत होती.

"विचार," मी म्हटलं.